आखूड स्केलची नेक

* 'स्ट्रॅटला आखूड नेक बसवली' : इथे आखूड असते ते स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची मोकळी तार. फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर ती २५.५ इंच, गिब्सन लेस पॉलवर साधारण २४.७५ इंच. स्ट्रॅटची नेक स्क्रूंवर बसते, त्यामुळे ती बदलणे सोपे. पण हाताला लागेल ती आखूड नेक चालत नाही. ब्रिज जागेवरच राहतो, म्हणून त्याच्यापासून मोजून फ्रेट बसवलेली 'कन्व्हर्जन नेक' हवी. तिच्यात नट ब्रिजकडे पाऊण इंच सरकतो आणि बारावा फ्रेट त्याच्या निम्मा, कारण त्याने तारेच्या मध्यावरच राहायला हवे. हे माप चुकले तर मोकळी तार सुरात लागते आणि वरचे स्वर बेसूर होतात. सतारीचे पडदे सरकवता येतात; गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले असतात, आणि ब्रिजचे सॅडल थोडेसेच सरकते. ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच तारा त्याच सुरात सुमारे ६ टक्के सैल पडतात. तार ओढून मींड घेणे त्यामुळे सुखाचे होते, खर्जाची तार मात्र ढिली वाजते. पुढच्या प्रकरणात वादक जाड तारांचा संच मागतो, तो यासाठीच. — संपा.