नाक घडविणारा कुंभार

मराठी भाषेत नाकाला जेवढा मान आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही अवयवाला क्वचितच असेल. अब्रू गेली की नाक कापले जाते. वैरी शरण आला की त्यास नाक घासावयास लावतात. आज हे नुसते वाक्प्रचार उरले आहेत. अठराव्या शतकात मात्र ते शब्दशः खरे होत असत. नाक कापणे ही त्या काळी हिंदुस्थानात प्रत्यक्ष दिली जाणारी शिक्षा होती, आणि ती भोगलेला मनुष्य आपला कलंक मरेपर्यंत तोंडावर वागवीत असे. अशा माणसास पुन्हा नाक घडवून देणारे कारागीरही याच देशात होते. त्यांच्या विद्येची सर्वांत प्रसिद्ध नोंद झाली ती पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेमुळे.

इ. स. १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, मराठे व निजाम यांनी मिळून टिपू सुलतानाशी युद्ध केले. त्या युद्धात कावसजी नावाचा एक बैलहाक्या इंग्रज फौजेबरोबर होता. नाव पारशी वळणाचे वाटले तरी तत्कालीन वृत्तांतात तो मराठा, शेतकरी जातीचा, असे म्हटले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे कंपनीने त्यास पेन्शन दिली. पण पेन्शनीने तोंड दाखविण्याची सोय होत नाही. वर्षाहून अधिक काळ त्याने तसाच काढला. नंतर १७९३ साली पुण्यानजीकच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्यास नवे नाक बसवून दिले. त्या मनुष्याची ओळख वृत्तांतात एवढीच आहे. मराठीत आपण त्यास कुंभार म्हणू.

मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज सर्जनांनी ही क्रिया होताना पाहिली होती. तिची रीत येणेप्रमाणे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून त्यास नाकाचा घाट द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आतील त्वचा सोडवून घ्यावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखावयाची. मग थोटाची जुनी वण पडलेली कड सोलून ताजी करावयाची, तिच्यामागे नाकपुड्यांच्या बाजूंनी वरच्या ओठापर्यंत चीर द्यावयाची, आणि कपाळावरील त्वचा अर्धी पिळून खाली आणून तिची कड त्या चिरेत बसवावयाची. सांध्यावर पाण्यात कालविलेल्या काताच्या पाच-सहा कापडी पट्ट्या एकावर एक लावीत. विड्यात घालतात तोच हा कात! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. पहिले पाच-सहा दिवस रोग्यास उताणे निजवीत, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती राखलेली पट्टी कापून टाकीत. ईथर किंवा क्लोरोफॉर्म यांची गुंगी तेव्हा कोणास ठाऊक नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे रोग्याच्या धैर्याचीही कल्पना येते.

साऱ्या क्रियेचे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. अंगापासून तोडलेली त्वचा रक्तावाचून मरते. नवी त्वचा जुन्या मांसाशी एकजीव होऊन तिच्यात खालून रक्तवाहिन्या शिरेपर्यंत ही पट्टी तिला कपाळाकडून रक्त पुरविते. पट्टी लवकर कापली तर नाक सडावयाचे. नेमके किती दिवस थांबावे, हे अनेक पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेले होते.

जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्या चित्रासह वरील वृत्तांत छापला गेला. खाली लेखकाच्या नावाची दोन आद्याक्षरे तेवढी होती. युरोपास ही विद्या अगदीच अपरिचित होती असे नाही. बोलोन्याच्या तालियाकोत्सीने दंडाच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत १५९७ साली ग्रंथात सांगितली होती. परंतु ती पुढे मागे पडली होती. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनाने हिंदुस्थानची ही हकीकत मनावर घेतली. हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे त्याने चौकशी केली, प्रेतांवर हात बसविला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. दुसरा रोगीही बरा झाल्यावर १८१६ साली त्याने दोन्ही प्रयोगांचे साद्यंत पुस्तक प्रसिद्ध केले. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफेचे याच विषयावरील पुस्तक निघाले, आणि पुण्याकडची विद्या युरोपच्या शस्त्रवैद्यांची झाली.

येथे एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. कार्प्यूला जे करावे लागले, ते सर्व सुश्रुताने पूर्वीच सांगून ठेविले होते. शिष्याने कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर करावा. प्रेत पाण्यात कुजत ठेवून त्याचे थरावर थर पाहावेत. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे होत, हा त्याचा उपदेश. नाक जोडण्याची क्रियाही त्याच्या संहितेत आहे. मात्र तेथे त्वचा गालाची घेतली आहे. पुढे हे दोन पंख वेगळे झाले. ग्रंथ शास्त्री-वैद्यांच्या घरी राहिले आणि शस्त्र कारागिरांच्या हाती गेले. वैद्यास संहिता पाठ, पण रक्ताचा विटाळ. कारागिरास हात साधलेला, पण अक्षराशी ओळख नाही. गालाऐवजी कपाळाची त्वचा घेण्याची सुधारणा करणाऱ्याचे नाव म्हणूनच कोठे आढळत नाही. पाहणाऱ्या दोघा सर्जनांची नावे छापली गेली, रोग्याचे छापले गेले. करणाऱ्याची मात्र जात तेवढी छापली गेली. हा दोष छापणाऱ्यांचा खराच. पण शेजारच्या पुणे शहरात विद्वानांची वाण नसता त्यांपैकी कोणी त्या कुंभारापाशी लेखणी घेऊन बसला नाही, हा दोष आपला आहे.

१८४५ साली मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, आणि शवच्छेदन, रुग्णशय्या व ग्रंथ ही तिन्ही एकाच विद्यार्थ्यापुढे आली. त्यानंतरच्या पिढीत, १८८९ साली, जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी आपल्या सुमारे शंभर रोग्यांचा अनुभव नाकाच्या शस्त्रक्रियेवरील पुस्तकात नमूद केला. हिंदी हाताने केलेले काम हिंदी लेखणीने टिपले.

अपघातात वा कर्करोगात नाक गमावलेल्या रोग्यास आजही कपाळाच्याच त्वचेचे नाक करून देतात, आणि जोडपट्टी आजही सामान्यतः तीन आठवड्यांच्या सुमारास कापतात. जगभरच्या शस्त्रक्रियेच्या ग्रंथांत या रीतीस ‘हिंदी रीत’ असे नाव आहे. देशाचे नाव त्या क्रियेस मिळाले. ज्याच्या हाताने कावसजीचे तोंड पुन्हा उजळ झाले, त्याचे नाव मात्र कोणी विचारून ठेविले नाही.