यादीत नसलेले दोन आकडे

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात ‘लष्कर’ या शब्दाचा अनुवाद करावा लागत नाही. मराठी, उर्दू, कन्नड बोलणारी माणसे तो आपलाच समजतात. अनुवादकाला अशा शब्दांचा मोह पडतो आणि धाकही वाटतो. नाव एक म्हणजे आतला मजकूरही एकच, असे आपण धरून चालतो. न्यूमोकोकस या जंतूने हाच धडा वैद्यकाला दिला.

हा जंतू न्यूमोनिया आणि मेंदूज्वराला कारण होतो. त्याच्याभोवती शर्करेचे कवच असते आणि कवचातल्या फरकावरून त्याचे सुमारे १०० प्रकार मानले जातात. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. लस शरीराला कवचाची ओळख करून देते. एका क्रमांकाची ओळख दुसऱ्याला सहसा अडवत नाही. म्हणून लसीत कोणते क्रमांक घालायचे, यावर मुलांचे प्राण अवलंबून असतात.

२००० साली अमेरिकेत तान्ह्या मुलांसाठी सात प्रकारांची लस आली. तिथल्या मुलांच्या गंभीर आजारांत जे प्रकार जास्त आढळत, ते तिच्यात होते. त्याआधी १९९३ ते १९९७ या काळात नागपूर, वेल्लोर यांसह भारतातल्या सहा ठिकाणच्या इस्पितळांनी गंभीर रुग्णांच्या नमुन्यांतून हा जंतू वाढवून त्याचे प्रकार नोंदवले होते. १ आणि ५ या दोनच प्रकारांचा वाटा सुमारे २९ टक्के भरला. अमेरिकी लसीत हे दोन्ही नव्हते. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. जिथे मोजणी झाली, तिथलाच जंतू लसीत गेला.

पुढच्या परदेशी लसींत १ आणि ५ आले, पण त्या महाग होत्या. २०११ ते २०१५ मध्ये बंगळूरूच्या किम्स संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या अनेक इस्पितळांत पुन्हा मोजणी झाली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा प्रकारांची स्वस्त लस देशात आली. आशिया-आफ्रिकेतले प्रकार पाहून तिची यादी ठरवली होती. १ आणि ५ तीत आहेत. २०२१ मध्ये ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. आता लष्कर मोहल्ल्यातल्या बाळालाही ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते.

मोजणी मात्र थांबवता येत नाही. अमेरिकेत सात प्रकार मागे हटले, तेव्हा लसीत नसलेला १९ए वाढला. आपल्याकडे कोणता वाढेल, हे आपल्याच इस्पितळांतले नमुने सांगतील.