हादरे कुणी खायचे?

आमच्या व्हॅनला थरथर सुटली त्याला दोन वर्षं झाली. सिग्नलला उभी राहिली की समोरचा गणपती मान डोलवायचा, आरशात मागच्या एका रिक्षाच्या दोन दिसायच्या, आणि गीअरचा दांडा हातात धरला की थंडीतापाच्या रोग्याचं मनगट धरल्यासारखं वाटायचं. गाडी एकदा धावायला लागली की सगळं शांत! दुखणं काय ते उभं राहण्यापुरतं. असल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करण्यात आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पटाईत आहे. मी रेडिओचा आवाज वाढवला. हिनं डॅशबोर्डच्या फटीत बसच्या तिकिटांच्या घड्या कोंबल्या. आई मधल्या सीटवर बसायची. ती काहीच बोलली नाही.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी प्लग पाहिले, ते ठीक निघाले. मग बॉनेट उघडं ठेवून मला म्हणाला, "ब्रेक दाबून धरा, पहिला गीअर टाका आणि क्लच हळूच सोडा." मी तसं केलं. बघतो तो काय, पंगतीत तूप संपल्याचं कळल्यावर एखादा पाहुणा अर्धवट उठावा तसं इंजिन जागेवरून उठलं!

"साहेब, फाउंडेशन गेलंय."

माझ्या पोटात गोळा आला. इमारतीचं फाउंडेशन गेलं की महापालिका नोटीस लावते, एवढंच मला ठाऊक. मिस्त्रीनं इंजिनाखालून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये इडलीएवढा रबराचा ठोकळा. तेल पिऊन फुगलेला, उष्णतेनं तडकलेला आणि एका बाजूनं पट्टीपासून सुटलेला. "असे अजून आहेत," तो म्हणाला. "एकच बदलला तर सगळा भार नव्यावर, आणि तोही लवकर जातो."

एवढ्याशा रबरावर अख्खं इंजिन? कुतूहलानं वाचायला बसलो, तर त्या इडलीला चांगला शंभरेक वर्षांचा इतिहास निघाला.

मुळात चार सिलिंडरचं इंजिन गाडी उभी असतानाही मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे मिनिटाला १६००. शिवाय दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. तुम्ही म्हणाल, मग फिट्टंफाट! तसं होत नाही. पिस्टनला ढकलणारा दांडा फिरताना तिरका होतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या वाटेत पिस्टन जास्त वेगानं जातो आणि खालच्या अर्ध्या वाटेत कमी. जमाखर्च जुळत नाही. दर फेऱ्याला दोनदा धक्का शिल्लक उरतो. यात कारागिराची चूक नाही, भूमितीचाच स्वभाव तसा.

फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९०४ सालीच यावर तोड काढली होती: इंजिनात दुप्पट वेगानं उलटसुलट फिरणारे दोन दांडे बसवायचे, म्हणजे धक्क्याला प्रतिधक्का. पण हे काम खर्चाचं. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी सहा-आठ सिलिंडरच्या गुळगुळीत गाड्या घेतल्या आणि बाकीचे दात वाजवत प्रवास करत राहिले.

मग आलं १९३१ साल. अमेरिकेत मंदीनं लोकांचे खिसे रिकामे झाले होते. अशा वेळी क्रायस्लर कंपनीनं आपल्या स्वस्त प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर बसवलं. पुढचा आधार उंच आणि मागचा खाली असा बेत केला, म्हणजे दोघांना जोडणारी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल. इंजिन त्या रेघेभोवती पाळण्यासारखं झुलणार आणि गाडी स्वस्थ राहणार. या युक्तीला त्यांनी नाव दिलं 'फ्लोटिंग पॉवर'. खुद्द वॉल्टर क्रायस्लर नवी प्लिमथ घेऊन प्रतिस्पर्धी हेन्री फोर्डला दाखवायला गेला, गाडी तिथेच भेट म्हणून ठेवली आणि टॅक्सीनं परत आला, असं सांगतात. शेजाऱ्याला नवा फ्रिज दाखवायला बोलावणारे पुष्कळ पाहिले. फ्रिजच त्याच्या घरी ठेवून येणारा हा एकटाच!

फ्रान्समध्ये सिट्रोएननं या युक्तीचा परवाना घेतला आणि १९३२ पासून आपल्या बोधचिन्हात पाण्यावर तरंगणारा हंस आणला. इंजिनाला हंस म्हणणं ही फ्रेंचांचीच हिंमत. आमच्या व्हॅनकडे बघून मला एकही पक्षी आठवत नाही.

लँचेस्टरच्या दांड्यांचं पुढं काय झालं? १९७५ साली जपानच्या मित्सुबिशीनं ते नव्यानं आणले, आणि पोर्शसारख्या मातबर कंपनीलाही त्यांचा परवाना घ्यावा लागला. १९८३ च्या नोव्हेंबरात क्रायस्लरनं कुटुंबासाठी मिनिव्हॅन बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यात पर्याय म्हणून हेच मित्सुबिशीचं इंजिन ठेवलं होतं. पण दांडे असोत वा नसोत, इंजिनाखाली रबर हवंच. काही हादरे उरतातच आणि ते कुणीतरी खावे लागतातच.

आणि खाणारा थकला तर? १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण हाच इडलीएवढा भाग. तो सुटला की जोर येताच इंजिन एका बाजूनं उचललं जायचं, आणि त्या ओढीनं अॅक्सिलरेटर उघडाच राहू शकायचा. उपाय काय केला? इंजिन फार उठू नये म्हणून त्याला तारेनं जखडलं! एवढ्या थोर कंपनीचा उपाय आमच्या बसच्या तिकिटांच्याच जातीचा, हे वाचून मला अंमळ बरं वाटलं. पण क्षणभरच. आमचंही इंजिन उठत होतंच की!

सगळे रबर बदलले. चावी फिरवली आणि मला वाटलं, गाडी सुरूच झाली नाही. गणपती ध्यानस्थ. मागे रिक्षा एकच. मी घरी येऊन ऐटीत आईला म्हटलं, "चल, सारसबागेत जाऊन येऊ."

वर्षभर ती आमच्याबरोबर कुठं आलीच नव्हती. "तुम्ही जा रे, मला घरीच बरं वाटतं," म्हणायची. आम्हीही वयाचं कारण धरून चाललो होतो. त्या दिवशी ती आली. पहिल्या सिग्नलला गाडी उभी राहिली तशी तिनं सवयीनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. थोडा वेळ वाट पाहिली. मग हात सोडले आणि मांडीवर ठेवले.

"आज कंबरेला काही होत नाही गं," ती हिला हळूच म्हणाली.

मी रेडिओ बंद केला.