गिरणी-कामगार स्त्रीची प्रसूतिरजा : मुंबईचा १९२९ चा कायदा

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० नंतरच्या दशकात एकूण कामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांपैकी बहुसंख्य रीलिंग व वाइंडिंग खात्यांत, कामाच्या मापावर मजुरी घेऊन राबत. प्रसूतीसाठी घरी राहणाऱ्या स्त्रीची मजुरी बंद होई. परतल्यावर जागा मिळणे हे प्रायः खात्यावरील नायकिणीच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि ही मर्जी बहुधा दस्तुरी देऊनच संपादन करावी लागे. अर्थात रजेसंबंधीची बोलणी खऱ्या अर्थाने मालकाशी होतच नसत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवीत, ही वस्तुस्थिती त्यामुळे पुढे आली.

वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९१९ सालीच प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचे तत्त्व मान्य केले होते. तथापि ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. प्रश्न मुंबई कौन्सिलपुढे आला तो १९२८ साली. विश्रांती इष्ट आहे की नाही, याहून तिचा खर्च कोणी सोसावा, हा त्यातील खरा वादविषय होता. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाची दोन्ही अंगे मांडली. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्यामुळे भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा लाभ असल्यामुळे त्यालाही पूर्णपणे मुक्त करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९२९ च्या कायद्याने यांपैकी दुसरे अंगच स्वीकारले. दररोज आठ आणे भत्ता देण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर टाकण्यात आली. स्त्रीने मालकास सूचना द्यावी, रजेच्या काळात अन्यत्र काम करू नये, आणि मालकाने पुरेशा कारणावाचून तिला काढून भत्ता बुडवू नये, अशी व्यवस्था झाली. नायकिणीच्या मर्जीच्या जागी कायद्याचा हक्क आला, हे या कायद्याचे निर्विवाद महत्त्व होय.

मात्र याच रचनेत एक अंतर्विरोधही होता. प्रत्येक माता ही तिच्या विशिष्ट मालकाच्या खर्चाची बाब ठरल्याने, स्त्रीला कामावर न घेणे हे मालकाच्या सोयीचे होऊ लागले. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याचा दोष केवळ या कायद्यास देणे युक्त नव्हे. रात्रपाळीवरील बंदी व यंत्रसामग्रीतील बदल हीही कारणे होती. तरीसुद्धा खर्चाची वाटणी हा प्रश्न गौण नव्हता. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने वर्गणीच्या निधीतून भत्ता देण्याचा मार्ग उघडला, तो याच कारणास्तव अर्थपूर्ण ठरतो. उलट १९६१ च्या केंद्रीय कायद्याने विम्याबाहेरील आस्थापनांत भार पुन्हा मालकावरच ठेवला. २०१७ साली रजेची मर्यादा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर नेतानाही ही रचना कायम राहिली. रजेचे आठवडे वाढत गेले. १९२८ सालचा मूळ प्रश्न मात्र पूर्णतः सुटला नाही.