गुडघ्याची नोंद

सरकारी कचेरीत ज्याची हयात फायलींच्या सहवासात चालली आहे, अशा माझ्यासारख्या माणसाने रोगांविषयी बोलावे, हे श्रोत्यांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु रोग जसा शरीरात असतो, तसा तो कागदावरही असतो. शरीरातील रोगाचा विचार वैद्यांनी करावा. कागदावरील रोगाचा इतिहास मात्र आम्हा लेखणीवाल्यांनाही सांगता येण्यासारखा आहे.

निमित्त घरचेच आहे. माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजले. जिना उतरणे बंद झाले, देवघरात खुर्ची आली. शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या मंजुरीसाठी आम्ही कागद पाठविले, ते परत आले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘गुडघेदुखी’ एवढाच शब्द होता. कोणता गुडघा? दुखण्याचे कारण काय? इजा झाली होती काय? असा शेरा होता. या पत्रव्यवहारात दीड महिना गेला आणि तो आईने खुर्चीत बसून काढला. मला राग आला. पण असे शेरे मीही आयुष्यभर मारीत आलो आहे, हेही आठवले. मग या प्रश्नांचे मूळ शोधावेसे वाटले.

गुडघ्याच्या विकाराला नाव देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताने गुडघ्याच्या एका मोठ्या, वेदनायुक्त सुजेला ‘क्रोष्टुकशीर्ष’ म्हटले. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. सुजलेला गुडघा कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. सांध्यांत शिरलेल्या वाताला ‘संधिगत वात’ अशी निराळी संज्ञा होती. पुढे माधवकराने केवळ रोगनिदानालाच वाहिलेला ग्रंथ रचला. परंतु ही नावे रोग्याला ओळखण्यासाठी होती, रोगी मोजण्यासाठी नव्हती.

मोजण्याची परंपरा सुरू झाली ती मृत्यूपासून. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्या वर्षानुवर्षांच्या याद्या पडताळून १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. १८३७ साली इंग्लंडात जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि तेथील आकडेवारीचे काम विल्यम फार या डॉक्टराकडे आले. एकाच रोगाला तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली अनेक रोग, हा गोंधळ पाहून तो अस्वस्थ झाला. वजनमापांना जे महत्त्व इतर शास्त्रांत, तेच नावांना येथे द्यावे, असा त्याचा आग्रह होता.

१८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने सर्व देशांना चालेल अशी मृत्युकारणांची यादी करण्याचे काम फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पिन यांच्यावर सोपविले. दोघांनी दोन निराळ्या याद्या आणल्या. स्थानिक रोग शरीराच्या अवयवांप्रमाणे मांडावेत, असे फारचे म्हणणे. देस्पिन रोगाच्या प्रकृतीकडे पाहत होता. १८५५ साली पॅरिसला तडजोड होऊन १३९ कलमांची यादी मान्य झाली. टिकली ती मात्र फारची अवयवांवर आधारलेली दृष्टी. तिच्याच आधारे पॅरिसच्या जाक बर्तियाँ यांनी केलेली यादी १८९३ साली शिकागो येथे स्वीकारण्यात आली. १९०० सालच्या पॅरिस परिषदेला २६ देशांचे प्रतिनिधी होते. तेथून पुढे सुमारे दर दहा वर्षांनी यादीची सुधारणा होऊ लागली.

पण या सर्व याद्या प्रामुख्याने मृतांच्या होत्या, आणि गुडघा कोणाला मारीत नाही. तो माणसाला विहिरीपासून, शेतापासून, देवळाच्या पायऱ्यांपासून दूर करतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र त्याचा मागमूस नसतो. जे रोग मारीत नाहीत पण माणसाला पंगू करतात, त्यांनाही हीच पद्धत लावावी, असे फारने १८५६ सालीच लिहून ठेवले होते. १८६० च्या लंडन परिषदेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकाच नमुन्याची आकडेवारी सुचविली. १९०० पासून आजारांची एक समांतर यादीही होती, पण तिला सर्वत्र मान्यता लाभली नाही. अखेर जागतिक आरोग्य संघटनेकडे हे काम आले आणि १९४८ च्या सहाव्या सुधारणेत मृत्यूबरोबर आजारांनाही एकाच यादीत हक्काचे स्थान मिळाले. फारच्या सूचनेनंतर ९२ वर्षे लोटली होती.

दरम्यान वैद्यकही स्वस्थ नव्हते. १८५९ साली आल्फ्रेड गॅरॉड यांनी ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव सुचवून तो विकार गाउटपासून वेगळा काढला. झिजेचा संधिवात आज ज्या नावाने ओळखला जातो, तो ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हा शब्द १८८६ च्या सुमारास जॉन केंट स्पेंडर यांनी वापरला. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी क्ष-किरण चित्रावरून ही झीज शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजण्याची रीत दिली. ती आजही वापरतात. मात्र चित्रातील झीज आणि रोग्याची वेदना यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही.

१९९० साली मान्य झालेल्या दहाव्या सुधारणेत गुडघ्याच्या झिजेला ‘एम १७’ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. दोन्ही गुडघ्यांची प्राथमिक झीज म्हणजे ‘एम १७.०’, इजेनंतर दोन्ही गुडघ्यांत आलेली ‘एम १७.२’, आणि काहीच स्पष्ट लिहिले नसेल तर ‘एम १७.९’. अमेरिकेने आपल्या आवृत्तीत उजवा-डावा हा भेदही घातला. आईच्या कागदावरील शेऱ्याचे मूळ मला येथे सापडले. डॉक्टर जे लिहीत नाहीत, ते संकेतांक ठरविणाऱ्याला कळत नाही. अपुऱ्या नोंदीची रवानगी मग त्या अखेरच्या ‘९’ मध्ये होते. अशा नोंदींवरून किती लोकांना शस्त्रक्रियेची गरज आहे, कोणाला केवळ व्यायाम पुरेल, याचा अंदाज कोणी कसा बांधावा?

अकरावी सुधारणा २०२२ पासून अमलात आली. तिच्यासाठी आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी निदानांचा विभाग २०२४ च्या जानेवारीत दिल्लीत जाहीर झाला. सुश्रुताची परंपरा आणि फारची परंपरा अशा एका यादीत आल्या.

आईची नवी चिठ्ठी आली, ती मी तिला वाचून दाखविली: दोन्ही गुडघे, प्राथमिक झीज, पूर्वी इजा नाही, चौथी पायरी. ती म्हणाली, “अरे, यात माझा जिना कुठे आहे?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. संकेतांकात जिना मावत नाही. पण त्या चार ओळी पूर्ण लिहिल्या गेल्या, म्हणून मंजुरी आली. आज ती काठी टेकून का होईना, जिना उतरते. माझ्या टेबलावर अपुरा कागद आला, की शेरा लिहिण्यापूर्वी आता मी दूरध्वनीवरून काय राहिले ते विचारून घेतो. तो कागद ज्याचा असतो, तो कोठेतरी खुर्चीत बसून वाट पाहत असतो.