टप्प्यावरचा बंगला

जुन्या सरकारी बंगल्यावर गेलं की आधी त्याची जागा पाहावी. पाणी जवळ असतं, पण बंगला पुराच्या रेषेच्या वर असतो. वाटेपासून तो जरा आत, एखाद्या चढाच्या माथ्यावर असतो. अंगणात वड, आंबा किंवा चिंच. तसाच पुढचा बंगला तिथून साधारण एका मजलेवर. मेळघाटात सिपना नदीच्या वळणावर कोलकासचं वनविश्रामगृह आहे. तिथे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेला माणूस जागा निवडणाऱ्याच्या नजरेला दाद देतो, आणि ती रास्तच आहे. पण अशा बंगल्यांच्या घराण्यात नजर फार उशिरा आली. आधी आलं ते अंतर. माणसाचा खांदा एका दमात किती कोस ओझं वाहतो, या हिशेबावर हे घराणं उभं राहिलं.

हा हिशेब टपालाचा होता. वाटेवर ठरावीक टप्प्यांवर ताजी माणसं किंवा ताजे घोडे उभे ठेवायचे आणि पत्र हातोहात पुढे सरकवायचं, ही रीत इथे फार जुनी. चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाकडे आलेल्या इब्न बतूतानं घोड्यांची डाक आणि पायी धावणाऱ्यांची डाक, दोन्ही वर्णिल्या आहेत. कंपनी सरकारनं हीच रीत उचलली आणि तिच्यावरून पत्रांबरोबर माणसंही पाठवायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ‘डाकेनं जाणं’ म्हणजे पालखीतून जाणं. प्रवाशानं काही दिवस आधी पोस्टमास्तरला कळवायचं, की अमुक दिवशी निघणार, अमुक वाटेनं जाणार, अमुक ठिकाणी थांबणार. पैसे आगाऊ भरायचे. मग पोस्टमास्तर वाटेवरच्या टप्प्याटप्प्याला निरोप धाडी, आणि दर आठ-दहा मैलांवर भोयांची नवी तुकडी वाट पाहत उभी राही. पालखीला साधारण आठ भोई, चौघे खांद्यावर आणि चौघे बदलीला. शिवाय तेलाच्या चिंध्यांची मशाल धरणारा मशालजी आणि सामानाचे पेटारे वाहणारे कावडवाले.

मशालजी लागे, कारण प्रवास बहुधा रात्रीचा असे. उन्हाळ्यात दिवसा पालखीत बसणं म्हणजे भाजून निघणं, आणि भोयांच्या तळपायांचं काय होई ते वेगळं सांगायला नको. रात्रभर चालायचं आणि उन्हं चढली की थांबायचं. मग दिवस काढायचा कुठे? या प्रश्नातून डाक बंगला जन्मला. मुक्कामाचं घर म्हणजे रात्रीच्या झोपेचं घर असं आपण धरून चालतो. हे घर मात्र दुपार टाळण्यासाठी बांधलेलं होतं. त्याचा खोल व्हरांडा, जाड भिंती, अंधाऱ्या खोल्या, उंच छत आणि भिंतीत वर बसवलेली, दोरीनं उघडायची झरोक्यासारखी खिडकी, सारं त्या एका गरजेतून आलं आहे. आज अशा बंगल्यात शिरताना अंगावर जो गारवा येतो, त्याचं मूळ इथे आहे.

घराचा आकार मात्र इंग्रजांचा नव्हता. तो बंगालच्या शेतकऱ्याच्या झोपडीचा. बांबू, माती आणि गवत, पावसाचं पाणी झटकन उतरावं म्हणून उतरतं छप्पर, आणि ते छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर ओढून केलेली पडवी. ‘बंगला’ हे नावही त्या मुलुखावरूनच आलं. कंपनीच्या लोकांनी ती झोपडी उंच जोत्यावर ठेवली, खोल्या वाढवल्या, मागे प्रत्येक खोलीला न्हाणी जोडली. स्वयंपाकघर आगीच्या आणि धुराच्या भीतीनं वेगळं काढलं. पुढे १८७० च्या सुमारास हेच घर इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर सुट्टीचं घर म्हणून गेलं आणि तिथून जगभर पसरलं. आपल्याकडे ‘बंगला’ म्हणजे श्रीमंती. तिचा मूळपुरुष मात्र कुडाच्या भिंतींचा आहे.

गवताच्या छपराखाली एक कापड ताणून बांधत आणि त्याला चुना मारत. वरून पडणारा कचरा, विंचू, क्वचित साप त्यात अडकावा म्हणून ही युक्ती. त्या कापडावरून रात्री उंदीर धावत. किपलिंगची १८८८ ची एक भूतकथा अशाच डाक बंगल्यात घडते. शेजारच्या खोलीत कुणी रात्रभर बिलियर्ड खेळतंय असं कथा सांगणाऱ्याला ऐकू येत राहतं आणि त्याची गाळण उडते. सकाळी उलगडा होतो. छताच्या कापडात उंदीर पळत होता आणि खिडकीचा सैल तुकडा आपटत होता. भुताच्या बंगल्याच्या ज्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, त्यांतल्या कितीतरींच्या मुळाशी हे ताणलेलं कापड असावं असं मला वाटतं.

आत सामान थोडं. पलंग, मेज, दोन-तीन खुर्च्या, पाण्याचे माठ. अंथरूण प्रवाशानं स्वतःचं आणायचं. चोवीस तासांचा आकार माणशी एक रुपया. भिंतीवर नियमांचा तक्ता आणि मेजावर नोंदवही. त्या वहीत नाव, येण्या-जाण्याची वेळ, भरलेले पैसे आणि तक्रार असेल तर तीही लिहायची. या नियमांत एक नियम मला फार मोलाचा वाटतो. चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी दारात आला, की जुन्यानं जागा मोकळी करून द्यायची. आधी आलेल्याचा हक्क एका दिवसापुरता. वाटेवरचं घर हे वाटेवरच्या माणसाचं, त्यात कुणी ठाण मांडू नये, हे तत्त्व एवढ्या साध्या शब्दांत क्वचितच लिहिलं गेलं असेल.

आणि खानसामा. डाक बंगल्याची कुळकथा त्याच्याशिवाय अपुरी आहे. गावापासून दूर, बाजार नाही, बर्फ नाही, पाहुणा कधी येईल ठाऊक नाही. अशा ठिकाणी ताजं मांस ठेवायचं ते जिवंत, अंगणात चरणाऱ्या कोंबड्यांच्या रूपात. पालखी आवारात शिरली की कोंबडीमागे धावाधाव सुरू होई. प्रवासी आंघोळ करून कपडे बदलेपर्यंत ती मेजावर आलेली असे. इंग्रजांनी या पदार्थाला ‘सडन डेथ’ असंच नाव पाडलं होतं, आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात ते नोंदलेलं आहे. त्याचीच पुढची पिढी म्हणजे अंडं आणि बटाटा घातलेला ‘डाक बंगला’ रस्सा. बंगाली घरांत तो आजही रविवारी शिजतो. परक्या जिभेला सोसेल आणि हाताशी असलेल्या मसाल्यात होईल असं काहीतरी एकट्या माणसानं, अपुऱ्या भांड्यांत, कंदिलाच्या उजेडात रांधायचं, हे सोपं काम नव्हतं. प्रवासवर्णनांतून या खानसाम्यांची थट्टाच जास्त झाली. नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

या घरात कोण उतरत नसे, तेही पाहिलं पाहिजे. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ‘माझा प्रवास’मधली ही वाटचाल त्याच काळातली, पण तिचे मुक्काम निराळे. देवळं, धर्मशाळा, ओळखीपाळखीची आणि जातभाईंची घरं. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची १८८० च्या दशकातली गॅझेटियर चाळली, तर गावोगावच्या वर्णनात धर्मशाळा वेगळी आणि मुसाफरी बंगला वेगळा नोंदलेला दिसतो. एका वाटेवरच्या या दोन सोयी. एक दानातून आणि धर्मातून उभी राहिलेली, दुसरी सरकारी तिजोरीतून. पहिलीत जात विचारली जाई, दुसरीत हुद्दा आणि बहुतेक वेळा कातडीचा रंग. दोन्हींत जागा नसलेला माणूस झाडाखाली निजे. पालखी वाहून आणणारे भोईही तसेच.

म्हणून महाडचा प्रसंग या कुळकथेत यायलाच हवा. मुंबई कायदे कौन्सिलनं १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असं त्यात म्हटलं होतं. कागदावरचा तो हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात सवर्णांच्या जमावानं तळ्यावर आलेल्या लोकांवर हल्ले केले. बाबासाहेब तेव्हा महाडच्या सरकारी बंगल्यात उतरले होते. मामलेदार आणि पोलीस अधिकारी त्यांना भेटायला तिथेच आले. साहेबाच्या दुपारीसाठी जन्मलेल्या घराला त्या दिवशी वेगळाच पाहुणा लाभला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही डाक बंगल्याच्या नोंदवहीत याहून मोठी नोंद असेल असं मला वाटत नाही.

रस्त्यावरचं डाक बंगल्याचं मूळ काम मात्र याच्या कितीतरी आधीच संपत आलं होतं. बोरघाटाची सडक १८३० मध्ये गाड्यांसाठी खुली झाली, तेव्हा खंडाळ्याचा मुक्काम हा मुंबई-पुणे प्रवासाचा अटळ भाग होता. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली आणि मुक्काम करण्याचं कारण उरलं नाही. टपाल रुळांवर गेलं. बंगले मात्र राहिले. सार्वजनिक बांधकाम खात्यानं त्यांतले काही पूल, कालवे, सडका तपासायला जाणाऱ्या इंजिनियरांसाठी घेतले, काही कलेक्टरच्या दौऱ्याचे झाले. आणि याच सुमाराला या घराण्याची एक शाखा रानात गेली.

त्या शाखेची एक ठळक खूण पचमढीला आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, राजधानी नागपूर. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोरसिथ सातपुड्याच्या त्या पठारावर पोचला आणि त्यानं तिथे एक बंगला बांधला, बायसन लॉज. नाव गव्यावरून. भोवतालची जंगलं मोजायची, साग-सालाचा अंदाज घ्यायचा, तर राहायला छप्पर हवं, एवढंच त्याचं प्रयोजन. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिसच्या हाताखाली वनखातं सुरू झालं. मग रानारानांत मजलेच्या अंतरानं विश्रामगृहं उभी राहिली. गार्ड पायी, साहेब घोड्यावर, सामान बैलगाडीत. एका दिवसात दौरा जिथवर पोचे तिथे बंगला. भोयांच्या खांद्याचा हिशेब असा बैलांच्या पायांवर आला.

यातला काळा भाग झाकून चालणार नाही. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जी राखीव जंगलं आखली, ती कोरकू, गोंड, वारली, कातकरी यांच्या वावराची जागा होती. फिरती शेती बंद झाली, सरपण आणि मोहफुलंही परवान्याच्या कक्षेत आली. खात्याला मजूर मिळावेत म्हणून वनग्रामं वसवली गेली. साहेबाचा तळ पडला की जवळच्या पाड्यावरून लाकूड, दूध, अंडी यायची, सामान उचलायला माणसं यायची, आणि त्यात वेठ पुष्कळ होती. ज्या व्हरांड्यातून आपण रान पाहतो, त्याच्या पायऱ्यांशी ही माणसं हात जोडून उभी असत.

मराठी वाचकाला हा बंगला हवाहवासा वाटू लागला तो मुख्यतः दोन लेखकांमुळे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या तळ्याकाठी राहिले आणि त्या राहण्याचं पुस्तक झालं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट इथल्या मुक्कामांतून एक अख्खी रानभाषा मराठीत आणली. दोघांच्याही लेखनात बंगला हे नुसतं ठिकाण नाही. वीज नाही, कंदील लवकर मालवायचा, पहाटे उठायचं आणि कुठेही न जाता बसून राहायचं, ही शिस्त त्या घरानं लावली. जिपेच्या फेरीत वाघ दिसतो किंवा दिसत नाही. व्हरांड्यात मात्र दिवसभर काही ना काही चालूच असतं.

चौकीदाराशी बोलावं, तेही त्या घराच्या शिस्तीतच येतं. मेळघाटात गवळ्यांचा खवा कुठे चांगला मिळतो, मोहाची फुलं कधी पडतात, कुठल्या वाटेनं अस्वल येतं, हे तोच सांगतो. चिखलदऱ्याला कॉफी पिकते हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं ते एकच गाव, आणि ते रोपही इंग्रजांच्या उन्हाळी वस्तीबरोबर आलेलं. शिधा आपण न्यावा, आधी कळवावं, आणि चुलीवर जे होईल ते खावं. गावठी कोंबडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी मिळाली तर खानसाम्याची परंपरा अजून तुटलेली नाही असं समजावं.

२०१२ मध्ये व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातल्या पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला आणि त्यातून मार्गदर्शक नियम आले. त्यानंतर आतले कितीतरी बंगले पर्यटकांना बंद झाले. रानासाठी ते योग्यच झालं. पण बंद घर पावसाळ्यात लवकर खचतं, आणि कौलं बदलायला निधी नाही म्हणून पत्रे चढतात. सीमेबाहेरच्या रिसॉर्टांत व्हरांड्याची नक्कल होते, आतली हवा यंत्रानं गार केलेली असते. जे बंगले खुले आहेत तिथे आज उलटाच नियम चालतो. तुम्ही महिनाभर आधी आरक्षण केलेलं असो, अधिकारी किंवा मंत्री दौऱ्यावर आला की तुमची खोली जाते. मला तो जुना चोवीस तासांचा तक्ता परत लावलेला हवा आहे. आकार रास्त ठेवावा, मुक्काम एका रात्रीचा, दारात आलेल्या पुढच्या प्रवाशाला जागा, मग तो कुणीही असो. आणि चौकीदाराची नेमणूक कायमची करावी. आज बऱ्याच ठिकाणी तो रोजंदारीवर आहे.