चट्टी : बद्री-केदारच्या पायवाटेवरचा मुक्काम

देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी एकत्र येतात. त्या संगमावरून वर गेलेल्या चढ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बद्रीनाथच्या तीर्थपुरोहितांची घरे आहेत. त्यातल्या एका घरात, लाल कापडात बांधलेल्या लांबट वहीत, मला माझ्या पणजीचे नाव सापडले. नोंद मोडीत होती. शके १८१४, वैशाख शुद्ध नवमी. खाली गावाचे नाव, सासऱ्यांचे आणि नवऱ्याचे नाव, दोन मुलांची नावे आणि ‘सोबत सात असामी’. बस्स, एवढेच.

मी मोडी शिकलो ती चाळिशी उलटल्यावर, दुकान बंद केल्यानंतर रात्री. जमिनीच्या जुन्या कागदांच्या निमित्ताने शिकलो आणि मग तो नादच लागला. पण या नोंदीची ओढ त्याआधीची. आमच्या घरात पणजीचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते, कारण तिची तिथी कोणालाच ठाऊक नाही. विधवा झाल्यावर दोन मुले दिराच्या पदरात घालून ती गावच्या मंडळींबरोबर बद्री-केदारला गेली. मंडळींपैकी काही परत आली, ती आली नाही. ‘बद्रीनारायणाने ठेवून घेतली’ असे घरात म्हणत. माझ्या वडिलांना हे वाक्य आवडत नसे. ‘ठेवून घेतली म्हणजे कुठे ठेवली?’ असे ते विचारत.

शके १८१४ ची वैशाख शुद्ध नवमी म्हणजे १८९२ च्या मे महिन्याचा पहिला आठवडा. हे वर्ष मनात ठेवून पुढचे वाचावे.

आपण ‘केदारनाथला जाऊन आलो’ म्हणतो तेव्हा मनात मंदिर असते. पणजीच्या पिढीच्या मनात वाट असे. रेल्वे हरिद्वारला १८८६ मध्ये पोचली, त्यामुळे तिथपर्यंतचा प्रवास तरी सुटसुटीत झाला होता. तिथून पुढे सगळे पायी. ऋषिकेश, लक्ष्मणझुला, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी, गौरीकुंड, केदार. मग उखीमठ, चोपता, गोपेश्वर करत चमोलीला उतरायचे. तिथल्या लाल पुलामुळे यात्रेकरू त्या गावाला लालसांगा म्हणत. पुढे जोशीमठ आणि बद्रीनाथ. परतताना कर्णप्रयाग, आदिबद्री, मेहलचौरीवरून रामनगरला रेल्वे किंवा बैलगाडी गाठायची. सहा-सात आठवड्यांची ही चाल. ज्यांना झेपत नसे ते कंडीत बसत, म्हणजे माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत. पैसेवाले दांडी करत.

ही सगळी वाट ज्यावर उभी होती ती गोष्ट म्हणजे चट्टी. दोन-चार मैलांवर एक अशा या चट्ट्या होत्या. दगडमातीच्या भिंती, वर गवताचे छप्पर, पुढची बाजू बरेचदा उघडी, जमीन शेणाने सारवलेली, ओळीने चुली. चट्टीवाला राहण्याचे पैसे घेत नसे. पीठ, डाळ, तांदूळ, तूप आणि लाकूड त्याच्याकडून घ्यायचे. भांडी तो देई, निघताना घासून परत करायची. शिधा महाग असे, पण त्यात छप्पर आले. धर्मशाळेचा दानधर्म आणि वाण्याचा धंदा यांच्या मधली ही व्यवस्था. जुन्या प्रवासवर्णनांत देवळापेक्षा चट्टीबद्दल अधिक ओळी असतात, आणि त्यातल्या निम्म्या माश्या आणि धूर यांच्यावर खर्च झालेल्या असतात.

चट्टीच्या जोडीला सदावर्त होते. काही गावांचा सारा बद्रीनाथ-केदारनाथच्या यात्रेकरूंच्या अन्नासाठी लावून दिलेला असे. १८१५ मध्ये गुरख्यांकडून कुमाऊँ आणि गढवालचा अलकनंदेपलीकडचा भाग इंग्रजांकडे आला. ट्रेल नावाचा कमिशनर तिथे दीर्घकाळ होता. त्याने सदावर्ताच्या शिलकी पैशातून यात्रेची वाट बांधायला घेतली. १८२७-२८ च्या सुमारास हे काम सुरू झाले. पुढे त्याच निधीतून वाटेवर दवाखाने निघाले. म्हणजे ज्या वाटेला आपण इंग्रजांची देणगी समजतो तिचा खर्च देवाच्या नावे ठेवलेल्या धान्यातून निघाला होता. आपल्याकडच्या वाचकांना अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारकडे बांधलेल्या धर्मशाळा ठाऊक असतात. त्यांचे दान याच साखळीतली एक कडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कालीकमलीवाले बाबा म्हणून ओळखले जाणारे स्वामी विशुद्धानंद या वाटेने गेले आणि यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी ऋषिकेशहून धर्मशाळा व सदावर्तांची ओळच उभी केली. १८८९ मध्ये लक्ष्मणझुल्याला दोरांच्या पुलाच्या जागी लोखंडी झुलता पूल झाला तो त्यांच्या शब्दाखातर कोलकात्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांनी दिलेल्या पैशातून. तो १९२४ च्या पुरात गेला. आज फोटोंत दिसतो तो १९३० चा.

पण चट्टीबद्दल हळवे होण्यात अर्थ नाही. एकाच छपराखाली रोज नवी शंभर माणसे, एकच झरा, शौचाची सोय म्हणजे मागचा उतार. पटकीला याहून चांगले घर कोण देणार? १८९२ च्या मार्चमध्ये हरिद्वारला महावारुणीचे पर्व होते. पटकी दिसताच सरकारने यात्रा मोडून लोकांना पांगवले. त्यावर देशभर ओरड झाली, धर्मात ढवळाढवळ झाल्याचे लेख आले. पटकी मात्र थांबली नाही. ती यात्रेकरूंबरोबर डोंगर चढली आणि त्या वर्षी गढवालात तिने कहर केला. माझ्या पणजीने देवप्रयागला नाव लिहिले ते त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी.

पंडाजींना मी विचारले, वहीत परतल्याची नोंद असते का? ते म्हणाले, ‘वर जाताना लिहितात. उतरताना कोण थांबतो?’ शिवाय परतीची वाट रामनगरची, देवप्रयाग तिच्यावर येतच नाही.

हीच वाट दोन वर्षांनी पूर्ण रिकामी केली गेली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १८९३ च्या सप्टेंबरात बिरही गंगेच्या खोऱ्यात गोहना गावाजवळ अख्खा कडा कोसळला आणि नदी अडली. सुमारे ९०० फूट उंचीचा नैसर्गिक बांध, मागे मैलोगणती वाढत जाणारा तलाव. तो फुटणार हे नक्की होते. कधी, एवढाच प्रश्न. अभियंत्यांनी हिशेब करून पुढच्या वर्षीचा ऑगस्ट सांगितला. गोहन्याला क्रुकशँक नावाचा लेफ्टनंट बसवला, तिथून हरिद्वारपर्यंत तार ओढली, नदीकाठी पाणी कुठवर येईल त्याच्या खुणा रोवल्या, झुलते पूल काढून ठेवले, यात्रेकरूंना दुसऱ्या वाटेने वळवले. २५ ऑगस्ट १८९४ ला पाणी बांधावरून वाहू लागले आणि त्या रात्री बांध फुटला. श्रीनगर शहर धुऊन निघाले. पण माणसे दगावली ती पाच : एक फकीर आणि त्याचे कुटुंब. त्यांना हलवले होते, ते पुन्हा तिथेच जाऊन राहिले.

हरिद्वारचे गंगा कालव्याचे बांधकाम वाचवणे हाही सरकारचा मोठा हेतू होता, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. तरीही हे साधले कसे, याचा विचार केला की पुन्हा चट्टीपाशी येतो. यात्रा चालत होती ती टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर माणसे मोजता येत, अडवता येत, निरोप पुढे देता येई. वाट बंद म्हटले की चट्टीवाला शिधा देत नसे, मग पुढे जाणार कोण? पुढे १९१८ ते १९२६ या काळात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने याच वाटेवरच्या मुलखात १२५ माणसे मारली. जिम कॉर्बेटने त्याला शेवटी टिपले ते मे १९२६ मध्ये गुलाबराय चट्टीजवळच्या आंब्याखाली. त्या आठ वर्षांत यात्रा बंद पडली नाही. अंधार पडायच्या आत चट्टी गाठायची, एवढाच नियम होता.

१९६२ च्या युद्धानंतर सरहद्दीसाठी रस्ते झाले आणि काही वर्षांतच बस बद्रीनाथला जाऊन भिडली. केदारच्या बाजूला ती गौरीकुंडाला थांबली. ऋषिकेश ते देवप्रयाग हा मोटाररस्ता गंगेच्या उजव्या काठाने जातो. जुनी पायवाट डाव्या काठाने जात होती. बसच्या खिडकीतून नदीपलीकडे झाडीत तिची रेघ अजून दिसते. चट्ट्यांची आता फक्त नावे उरली आहेत. बद्रीनाथच्या अलीकडे हनुमानचट्टी येते, तिथे गाडी दोन मिनिटे थांबते, नारळ फुटतो आणि गाडी सुटते. चट्टी म्हणजे काय, हे आमच्या गाडीतल्या तीसपैकी एकालाही ठाऊक नव्हते. चालकाला होते; त्याच्या आजोबांची एक होती.

केदारला मी चालत गेलो. गौरीकुंडाची उंची दोन हजार मीटरच्या जरा आत, केदारनाथची ३५८० च्या आसपास. जुनी वाट १४ किलोमीटरची, मध्यावर रामबाडा. पूर्वी पुष्कळ यात्रेकरू सकाळी वर जात, दर्शन घेत आणि थंडीच्या धास्तीने त्याच दिवशी खाली रामबाड्याला नाहीतर गरुडचट्टीला मुक्कामाला येत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८२ मध्ये घेतलेले केदारनाथचे एक छायाचित्र आहे. त्यात मंदिर आहे, शेजारी मोजकी घरे आहेत आणि बाकी सगळे मोकळे, हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचे मैदान आहे. त्या मैदानावर पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लॉज, दुकाने, धर्मशाळा यांचे गाव वसले. बसमुळे एका दिवसात येणारी माणसे हजारोंनी वाढली. वाटेवर विखुरलेला मुक्काम उचलून मंदिराच्या पायथ्याशी, नदीच्या दोन प्रवाहांच्या मध्ये आणून ठेवला गेला.

१६ जून २०१३ ची संध्याकाळ आणि १७ जूनची सकाळ. अतिवृष्टी आणि वरच्या चोराबाडी तलावाचे फुटणे यांनी ते गाव नेले. रामबाडा तर जागेसकट पुसला गेला. संपूर्ण आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. मंदिर राहिले. मागे येऊन अडकलेल्या शिळेची आता पूजा होते आणि लोक देवाने मंदिर वाचवले म्हणतात. माझी तक्रार नाही. पण १८८२ चे छायाचित्र पाहिलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते : ज्याने ते मंदिर बांधले त्याने जागा पारखून, भक्कम बांधले होते, आजूबाजूची जागा त्याने मोकळी सोडली होती.

आताची वाट रामबाड्यानंतर नदी ओलांडून समोरच्या उताराने चढते, अंतरही वाढले आहे. त्या उतारावरून पलीकडे गरुडचट्टी दिसते. जुन्या वाटेवरचा तो शेवटचा मुक्काम. मी एका दगडावर बसून बराच वेळ तिकडे पाहत होतो. खेचरवाल्याने दोनदा विचारले, ‘बाबूजी, तबियत ठीक आहे ना?’ डोक्यावरून दर काही मिनिटांनी हेलिकॉप्टर जात होते. पणजी इथवर पोचली असेल तर इथेच पाठ टेकली असणार, तिकडे सारवलेल्या जमिनीवर, सोबतच्या सात जणांत.

उतरताना मी मुद्दाम देवप्रयागला पुन्हा थांबलो. पंडाजींनी तीच वही काढली, पणजीच्या नावाखालचे पान उलटून कोरी जागा दाखवली आणि पेन दिले. आजोबांचे नाव, वडिलांचे, माझे, मुलीचे अशी वंशावळ मी लिहिली. मोडीतच लिहिली, पंडाजींना वाचता येत नव्हती, तरी ते कौतुकाने बघत राहिले. मग तारखेपुढे ‘केदारहून परत’ असे दोन शब्द घातले. त्यांचा अर्थ विचारून पंडाजींनी चष्मा वर केला, म्हणाले, असे कोणी लिहीत नाही. मग वही मिटून पुन्हा लाल कापडात बांधली.